मत्स्यबीज जिल्ह्यातच तयार करायचे, तर आधी हाप्याचा हिशेब मांडा

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कृषी दराने वीज, कृषी दराने कर्ज, किसान क्रेडिट कार्ड, विमा, सौर ऊर्जेसाठी अनुदान अशा सवलतींची वाट त्यातून मोकळी झाली. त्यानंतर कोल्हापूर जिल्ह्यातून एक प्रश्न सारखा येतो आहे. शेततळे असलेले तरुण शेतकरी विचारतात, तलावाचा ठेका घेतलेल्या मत्स्य सहकारी संस्थांचे संचालक विचारतात, कधी कधी कृषी सहायकही विचारतात: "मत्स्यबीजाची हॅचरी टाकायची आहे, कोणती मशिनरी घ्यावी?"

प्रश्न रास्त आहे. बंगाल आणि आंध्रातून गाडीने येणारे बीज आपल्याला नवे नाही. प्रवासात त्यातले किती मेले, जे जगले त्यात कटला किती, मृगळ किती आणि संकर किती, हे तलावात जाळे ओढेपर्यंत कळत नाही. उसाचे बेणे घेताना कांडीवरचा डोळा न्‌ डोळा पाहणारा आपला शेतकरी माशाचे बीज घेताना मात्र पिशवीत काहीतरी वळवळताना दिसले की पैसे मोजतो. म्हणून बीज जिल्ह्यात तयार व्हावे, या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

पण मशिनरीची यादी मागण्याआधी ही साधने एकामागून एक कशी आली ते पाहा. अंडी उबवण्याचे प्रत्येक साधन आधीच्या साधनातली एखादी उणीव भरून काढण्यासाठी तयार झाले. ती उणीव आपल्याकडे आहे की नाही, यावर ते साधन घ्यायचे की नाही हे ठरते. हा हिशेब मांडला की लक्षात येते की अंडी उबवण्याची अडचण सुटून चाळीसेक वर्षे झाली. आपली अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे.

अंडे कोणत्या जातीचे, ते आधी पाहा

सगळ्या माशांची अंडी सारखी नसतात. आपल्या तलावात आपण सोडतो ते कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला, पाणी काठावरच्या उथळ भागात पसरले की ते अंडी घालतात. अंडे पाणी शोषून फुगते, साबुदाण्याच्या शिजलेल्या दाण्यासारखे दिसते. ते चिकट नसते. वाहत्या पाण्यात ते तरंगत फिरते आणि पाणी थांबले की तळाशी बसते. एकावर एक थर बसला की खालची अंडी गुदमरतात. पाणी २६ ते ३१ अंश सेल्सिअस असेल तर १४ ते २० तासांत पिल्लू बाहेर येते. नंतरचे तीन दिवस ते पोटाखालच्या पिशवीतल्या बलकावर जगते. तोवर त्याला तोंडाने खाता येत नाही.

सायप्रिनसचे अंडे चिकट असते. ते पाणवनस्पतीला चिकटते आणि संथ पाण्यातही उबते. महसीरचे, म्हणजे आपल्याकडच्या खडस माशाचे, अंडे मोठे आणि जड असते. ते तळाच्या दगडगोट्यांत पडते. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची मादी तर अंडी स्वतःच्या पोटाखाली घेऊन फिरते. चार प्राण्यांच्या चार तऱ्हा. एकच "हॅचरी सेट" सगळ्यांना चालतो असे विक्रेता सांगू लागला, तर त्याला प्रथम हे विचारा की सेट कोणत्या अंड्यासाठी आहे.

लाकडी पेटीपासून ओल्या कापसापर्यंत

जर्मनीत स्टेफान लुडविग याकोबी या माणसाने ट्राउट माशाची अंडी हाताने काढून, त्यावर नराचे वीर्य सोडून ती उबवण्याची रीत १७६० च्या दशकात प्रसिद्ध केली. त्याचे साधन अगदी साधे होते. एक लांबट लाकडी पेटी, दोन्ही टोकांना जाळी, तळाशी खडी, आणि पेटीतून वाहणारे झऱ्याचे पाणी. ट्राउटचे अंडे जड, थंड पाण्यातले, उबायला कित्येक आठवडे घेणारे. त्याला प्रवाह हवा, शत्रूपासून आडोसा हवा आणि मेलेले पांढरे अंडे वेळीच उचलायला हवे, नाहीतर त्यावरची बुरशी शेजारच्या अंड्यांवर जाते. पेटीने या तिन्ही गोष्टी साधल्या.

पुढे १८५० च्या दशकात रशियात व्रास्की याने आणखी एक गोष्ट दाखवली. अंडी आणि वीर्य आधी कोरड्या भांड्यात मिसळायचे आणि पाणी नंतर घालायचे. पाण्यात पडताच अंडे फुगू लागते आणि त्याचे सूक्ष्म छिद्र लवकर बंद होते, वीर्यही पाण्यात फार वेळ सक्रिय राहत नाही. कोरड्या रीतीने फलनाचे प्रमाण खूप वाढले. या सुधारणेला एका पैशाचेही यंत्र लागले नव्हते.

भारतात ही विद्या प्रथम ट्राउटसाठी आली. काश्मीरसाठी ब्रिटनहून १८९९ साली पाठवलेली अंडी वाटेत खराब झाली, १९०० सालची पोहोचली. शेवाळ आणि बर्फ यांच्या थरात ती ठेवलेली असत. फलित अंड्याला पाण्यात बुडून राहावेच लागते असे नाही, ओलावा, गारवा आणि हवा मिळाली तरी ते जगते, हे त्यातून कळले होते.

हाच धागा पुढे महाराष्ट्रात आला. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीरचे बीज तयार करण्याचे काम सुरू केले. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक राहिलेले डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि त्यांच्याबरोबर ओगले यांनी दख्खनच्या महसीरची अंडी काढणे, उबवणे आणि पिल्ले वाढवणे यावर तिथे काम केले. जड अंडी जाळीच्या तळाच्या उथळ ट्रेमध्ये एका थरात पसरायची आणि त्यावरून पाणी वाहते ठेवायचे, ही याकोबीच्या पेटीची पुढची पिढी म्हणा. अंडी ओल्या कापसाच्या थरात ठेवून विमानाने दूरच्या राज्यांत पाठवता येतात, हे या दोघांनी १९७९ साली शोधनिबंधातून मांडले. ज्याला शास्त्रीय परिभाषेत खुद्री नाव मिळाले तो हा मासा साइक्स याने १८३९ साली नोंदवला होता तोही पुण्याच्या मुळा-मुठेतून, आणि कृष्णेच्या खोऱ्यात तो आपला स्वतःचा आहे.

इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की महसीरसाठी कापूस आणि ट्रे पुरले म्हणून रोहूसाठी पुरणार नाहीत. रोहूचे अंडे अठरा तासांत फुटते आणि त्याला पाण्यात फिरत राहावे लागते. त्याची गोष्ट वेगळी आहे.

हंडी, बांध आणि हापा

१९५७ पर्यंत देशात कार्प माशांचे बीज कोणीही ठरवून तयार करू शकत नव्हते. तळ्यातला रोहू वाढतो, मादीच्या पोटात अंडी भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी घालत नाही. त्यामुळे पूर आला की बंगाल-बिहारच्या नद्यांत बारीक जाळी लावून वाहून जाणारी पिल्ले धरायची, मातीच्या हंड्यांत भरायची आणि रेल्वेने देशभर न्यायची, असा धंदा होता. हंडीतल्या पाण्यात हवा मिसळावी म्हणून माणूस वाटभर हंडी हलवत बसे. त्या जिऱ्यांत कटला किती आणि निरुपयोगी किंवा शिकारी मासे किती, याचा नेम नव्हता.

बंगालमधल्या बांकुरा, मेदिनीपूर भागात दुसरी रीत होती. तिथे 'बांध' म्हणजे माळाचे पाणी जिथे येऊन साचते असा तलाव. आपल्याला बंधारा म्हटले की लाकडी फळ्या घालून अडवलेला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आठवतो, हा तो नव्हे. पावसाचे नवे पाणी जोरात आत आले की मोठे मासे उथळ बाजूला येऊन अंडी घालत. लोक ती कापडाने गोळा करत आणि शेजारी खणलेल्या, आतून चिखलाने लिंपलेल्या छोट्या खड्ड्यांत उबवत. पाऊस वेळेवर आला तर बीज, नाहीतर नाही.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी यांनी के. एच. अलिकुन्ही यांच्यासह पियुषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांना तळ्यातच अंडी घालायला लावली. १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो यामुळे. आज तयार संप्रेरकाचे इंजेक्शन मिळते, ग्रंथी काढून कुटत बसावे लागत नाही.

अंडी हवी तेव्हा मिळू लागली, मग ती ठेवायची कशात हा प्रश्न आला. त्याचे पहिले उत्तर म्हणजे हापा. कापडाची चौकोनी पेटी, चार बांबूंना बांधून तळ्यात अर्धी बुडवलेली. उबवणीचा हापा दुहेरी असतो. बाहेरचा साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल आणि दाट विणीच्या कापडाचा. आतला १.७५ बाय ०.७५ मीटर, अर्धा मीटर खोल आणि मच्छरदाणीच्या गोल छिद्रांच्या कापडाचा. आतल्या हाप्यात ७५ हजार ते १ लाख अंडी पसरायची. पिल्ले फुटली की ती छिद्रांतून बाहेरच्या हाप्यात उतरतात. अंड्यांची टरफले आणि मेलेली अंडी आतल्या हाप्यातच राहतात. तो हापा उचलून घेतला की घाण एका फटक्यात बाहेर. वीज नाही, पंप नाही, सिमेंट नाही. मला ही रचना आजही फार हुशारीची वाटते.

हापा फसतो कुठे, तेही पाहा. कापडाच्या विणीत गाळ आणि शेवाळ बसते, आतले पाणी बाहेरच्या पाण्याशी खेळते राहत नाही आणि पहाटे प्राणवायू संपतो. खेकडा कापड कापतो. वाऱ्याने हापा एका बाजूला कलला की सगळी अंडी एका कोपऱ्यात गोळा होतात. तळ्याचे पाणी तापले किंवा गार झाले तर आपल्या हातात काही नसते. त्यामुळे हाप्यात निम्मी पिल्ले मिळाली तरी लोक समाधानी असत.

बरणी, उभ्या टाक्या आणि गोल हौद

पुढची प्रत्येक सुधारणा याच उणिवांवर आहे. काचेची बरणी तळ्यातून बाहेर, छपराखाली आली. सव्वासहा लिटरच्या आसपासच्या बरणीत खालून पाणी सोडायचे, अंडी उकळत्या भातासारखी हलकेच वरखाली होत राहतात, जास्तीचे पाणी वरून सांडते आणि पिल्लू फुटले की पाण्याबरोबर पुढच्या हौदात जाते. एका बरणीत सुमारे ५० हजार अंडी. सगळे डोळ्यांसमोर दिसते, हा मोठा फायदा. पण बरणी फुटते, आणि पन्नास लाख अंड्यांसाठी शंभर बरण्या मांडाव्या लागतात.

मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने काढलेला डी-८० हा नमुना याच मार्गावरचा. काचेऐवजी प्लास्टिकच्या मोठ्या उभ्या बरण्या, आणि पाणी गार करण्याची व त्यात हवा मिसळण्याची सोय. मध्य भारतातल्या उन्हाळी पाण्यात तापमान हातात ठेवणे, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता.

१९८० च्या दशकात देशभर पसरला तो मात्र चिनी गोल हौद. उंचावर पाण्याची टाकी, एक मोठा गोल हौद नर-मादीसाठी, दुसरा लहान गोल हौद उबवणीसाठी. उबवणीच्या हौदाच्या तळाशी बदकाच्या चोचीसारख्या तिरक्या तोट्या असतात. त्यातून आलेले पाणी गोल फिरत राहते. मधल्या जाळीच्या कोठीतून जुने पाणी बाहेर जाते, अंडी मात्र फिरत राहतात. एका घनमीटर पाण्यात ७ ते १० लाख अंडी बसतात आणि चौथ्या दिवशी जिरे काढता येतात. नदीचा पूर एका हौदात बांधून ठेवला, एवढेच चिनी लोकांनी केले. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने याचाच फायबरचा, उचलून नेता येणारा संच तयार केला. त्यातून एका खेपेला १० ते १२ लाख जिरे मिळतात. सध्या आपल्याकडे "हॅचरी" म्हणून विकले जाते ते बहुतेक हेच.

गोल हौदाचीही एक उणीव आहे आणि ती विक्रेता सांगत नाही. एकाच हौदात कटला, रोहू, मृगळ एकाच रात्री सोडले तर एकाची अंडी आणि दुसऱ्याचे वीर्य मिसळते आणि संकरित बीज तयार होते. ते दिसायला चांगले असते. तलावात मात्र ना कटल्यासारखे वरचे खाद्य खाते, ना मृगळासारखे तळाचे. पुढे त्याच बीजातले मासे प्रजनक म्हणून ठेवले की वाण हातचा गेला. त्याच त्या कुटुंबातली नर-मादी वर्षानुवर्षे वापरली तरीही वाढ खुंटते. आपल्या पिकांत बियाण्याची शुद्धता म्हणतो, तीच ही गोष्ट. एका रात्री एकच जात घ्या आणि प्रजनक दर दोन-तीन वर्षांनी वेगळ्या, खात्रीच्या ठिकाणचे आणा.

कोल्हापूरचे पाणी आणि कोल्हापूरची वीज

आता आपल्या जिल्ह्याकडे या. कार्पच्या प्रजननाचा हंगाम जून अखेर ते ऑगस्ट. आपल्या पुराचाही हंगाम तोच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत शिरोळ, करवीर, हातकणंगले या तालुक्यांत पाणी कुठवर आले होते, ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नदीकाठी पाणी फुकट मिळते म्हणून हॅचरी काठावर बांधायचा मोह होतो. २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर जागा मिळत नसेल तर बांधू नका. प्रजनक माशांचे तळे पुरात गेले की दोन-तीन वर्षांची कमाई नदीत जाते.

पाण्याचा दर्जा हा दुसरा मुद्दा. जुलैत भोगावती आणि पंचगंगा तांबड्या गढूळ वाहतात. तो गाळ अंड्याच्या आवरणावर बसतो आणि अंडे गुदमरते. निवळणीचा हौद आणि आत येणाऱ्या पाण्याला दाट कापडाची गाळणी याशिवाय नदीचे पाणी घेऊ नये. त्या गाळणीने सायक्लॉप्ससारखे बारीक जीवही अडतात, जे नवजात पिल्लांना कुरतडतात. इचलकरंजीच्या खाली तर पंचगंगेचे पाणी उबवणीला घेण्याचा विचारच नको. तेरवाड बंधाऱ्यापाशी मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण वारंवार वाचल्या आहेत. मोठा मासा जिथे जगत नाही तिथे अंडे काय जगणार? बोअरचे पाणी स्वच्छ असते, पण त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कधी लोह असते. ते फवाऱ्यासारखे उंचावरून टाकीत पाडा, रात्रभर मुरू द्या, मग वापरा.

तापमान हा तिसरा. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे जुलैत आठवडाभर ऊन दिसत नाही आणि पाणी २६ अंशांच्या खाली जाऊ शकते. अंडी मरतातच असे नाही, पण उबायला जास्त तास लागतात आणि तेवढा वेळ बुरशीला मिळतो. पूर्वेकडे कागल, हातकणंगले, शिरोळचा माळ उबवणीला जास्त सोयीचा, आणि धरणांच्या भागात बोटुकली पोहोचवणे सोपे. मला विचाराल तर हॅचरी पूर्वेला आणि संगोपनाची तळी पश्चिमेला, अशी वाटणी जिल्ह्याला शोभेल.

आणि वीज. कृषी दर मिळणार म्हणून सगळे खूश आहेत, पण दर आणि पुरवठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीपंपांच्या वाहिनीवर तीन फेज वीज साधारण आठ तास मिळते, तीही पाळीने. गोल हौदातले पाणी चार दिवस आणि चार रात्री थांबता कामा नये. समजा हौदाला सेकंदाला दीड लिटर पाणी लागते. मग तासाला ५,४०० लिटर झाले. दहा हजार लिटरची टाकी दोन तासांच्या आत रिकामी होते. म्हणून अर्ज करताना कृषी दर मागाच, पण जोडणी कोणत्या वाहिनीवर आहे ते लेखी विचारा. चोवीस तासांची वाहिनी नसेल तर जनरेटरचा खर्च प्रकल्पात पहिल्याच दिवशी धरा. हापा या एका बाबतीत गोल हौदाला अजून भारी आहे: त्याला वीज लागत नाही.

खरी अडचण कुठे आहे

एक उदाहरण घेऊ. तुमच्या संस्थेकडे ४० हेक्टरचा लहान तलाव आहे. लहान जलाशयात हेक्टरी सुमारे २,००० बोटुकली सोडतात, म्हणजे ८० हजार बोटुकली लागतील. अर्धबोटुकलीपासून बोटुकली होईपर्यंत ६० टक्के जगतात असे धरले तर १ लाख ३३ हजार अर्धबोटुकली हव्या. जिऱ्यांपासून तिथवर ३५ टक्के जगतात असे धरले तर साधारण ४ लाख जिरे लागतील.

चार लाख जिरे म्हणजे किती मासे? रोहूच्या मादीच्या एक किलो वजनामागे लाखभर जिरे मिळणे ही चांगल्या कामातली साधारण अपेक्षा. चार किलो वजनाच्या माद्या, म्हणजे दोन मासे. फायबरच्या संचाची एक खेप तुमच्यासारख्या अडीच तलावांना पुरते, तीही चार दिवसांत.

आता जागा मोजा. ४ लाख जिरे हेक्टरी ५० लाख या घनतेने ठेवायला ८ गुंठ्यांचे तळे पंधरा ते वीस दिवस लागेल. त्यानंतर १ लाख ३३ हजार अर्धबोटुकली हेक्टरी अडीच लाखाने ठेवल्या तर सव्वा एकरापेक्षा थोडी जास्त तळी अडीच-तीन महिने अडतील. ही झाली एका तलावाची गरज. त्याच फायबर संचाने हंगामात आठ खेपा केल्या तर जिरे ८० लाखांच्या वर जातील. ते बोटुकलीपर्यंत न्यायला दहा हेक्टरहून अधिक संगोपन तळी लागतील. ती कुठे आहेत? ती नसतात म्हणूनच बिचारी जिरे थेट तलावात सोडली जातात आणि तलावातला मरळ, शिवडा त्यांची न्याहारी करतो.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत गोड्या पाण्यातील मत्स्यबीज केंद्राची प्रकल्प किंमत २५ लाख रुपये आणि संगोपन तळ्यांची हेक्टरी ७ लाख रुपये धरलेली आहे. अनुदान सर्वसाधारण प्रवर्गाला ४० टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के. एका हॅचरीच्या पैशात साडेतीन हेक्टर संगोपन तळी होतात. जिल्ह्यातल्या दहा संस्थांनी दहा हॅचऱ्या मागण्याऐवजी दोन-तीन हॅचऱ्या आणि बाकी सगळी संगोपन तळी मागावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी प्रस्ताव पुढे पाठवताना एवढा एक प्रश्न अर्जदाराला जरूर विचारावा: जिरे तयार झाल्यावर विसाव्या दिवशी ती कुठे असतील?

ज्यांच्याकडे एक-दोन शेततळी आहेत त्यांनी हॅचरीच्या मागे न लागता संगोपनाचा धंदा धरावा. खात्रीची जिरे आणायची आणि तीन महिन्यांनी बोटुकली विकायची. शेततळ्यात प्लास्टिक अंथरलेले असेल तर तळाशी मातीचा थर आणि शेणखत घालून आधी पाणी हिरवट होऊ द्या, नाहीतर पिल्लांना खायला काही नसते. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीत तळे काढणार असाल तर पाण्याची क्षारता मोजल्याशिवाय जिरे सोडू नका. मोठा मासा जी क्षारता सोसतो ती तीन दिवसांचे पिल्लू सोसेलच असे नाही. जिरे घेताना परातीत थोडे पाणी घेऊन ती त्यात सोडा आणि बोटाने पाणी गोल फिरवा. सशक्त जिरे प्रवाहाविरुद्ध पोहतात, दुबळी मध्यभागी गोळा होतात.

स्वतः अंडी उबवून पाहायचीच असतील, तर सायप्रिनसपासून सुरुवात करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो साचलेल्या पाण्यातही अंडी घालतो, म्हणजे पुराची भीती नाही. हाप्यात एक मादी आणि दोन नर सोडा, आणि वर स्वच्छ धुतलेली जलपर्णी मुळांसकट तरंगत ठेवा. रंकाळा आणि पंचगंगेमुळे जलपर्णी आपल्याला शोधायला जावे लागत नाही, तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे. अंडी मुळांना चिकटली की जलपर्णी उचलून उबवणीच्या हाप्यात न्या. दोन ते तीन दिवसांत पिल्ले फुटतात. खर्च कापड आणि बांबूंचा. एक हंगाम हे जमले की गोल हौदावर पैसे घालण्याआधी अंडे कशाने मरते ते तुमच्या हाताला कळलेले असेल. एक सावधगिरी मात्र बाळगा: सायप्रिनस तळ उकरतो, बांध पोखरतो, म्हणून तलावात त्याचे प्रमाण मर्यादित ठेवा.

कोळंबीचे काय?

गोड्या पाण्यातली कोळंबी बाजारात चांगला भाव खाते, त्यामुळे तिच्याही हॅचरीची विचारणा होते. इथे अंडी उबवणे हा प्रश्नच नाही, ते काम मादी करते. वीसेक दिवस ती अंडी पोटाखाली वागवते, नारिंगी रंगाची अंडी करडी झाली की पिल्ले बाहेर पडायला आली. अडचण त्यापुढे सुरू होते. १९६० च्या सुमारास मलेशियात पेनांग येथे शाओ-वेन लिंग यांची पिल्ले काही दिवसांत मरून जात. त्यांनी नाना पदार्थ पाण्यात घालून पाहिले आणि सोया सॉसचे थेंब पडले त्या भांड्यातली पिल्ले तगली, असे सांगतात. सॉसमध्ये होते ते मीठ. नदीत राहणाऱ्या या कोळंबीच्या पिल्लांना पहिला महिनाभर मचूळ पाणी, हजार भागांत सुमारे १२ भाग क्षाराचे, लागते. पुढे हवाईत फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर पिल्ले वाढवण्याची पद्धत बसवली.

म्हणजे कोल्हापुरात कोळंबीची हॅचरी टाकायची तर समुद्राचे पाणी घाट चढवून टँकरने आणावे लागेल, आणि पिल्ले अकरा अवस्थांतून जात असताना महिनाभर दर दिवशी पाण्यावर आणि खाद्यावर पहारा ठेवावा लागेल. ते काम कोकणपट्टीला सोडा. रत्नागिरीच्या शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, समुद्र दाराशी आहे, प्रशिक्षित माणसे आहेत. आपण तयार बीज घेऊन तळ्यात वाढवणे हे आपल्या सोयीचे.

पुढच्या पावसाळ्यात कार्पचे बीज काढायचे असेल, तर दिवाळीपर्यंत संस्थेचा ठराव आणि जागा नक्की व्हायला हवी. जानेवारीत तळी खोदून, वाळवून, चुना टाकून तयार करा. फेब्रुवारीपासून दोन किलोंच्या वरचे प्रजनक नर आणि माद्या वेगळ्या तळ्यात ठेवून त्यांना शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा द्या. मेमध्ये पंप, गाळणी आणि टाकी चार दिवस सलग चालवून पाहा, रात्री वीज किती वेळा जाते ते वहीत लिहा. पहिले इंजेक्शन जूनच्या अखेरीस, चांगला पाऊस होऊन पाणी गार झाल्यावर.